पडद्यावरची धावपट्टी : प्रस्तावना

फ्लाइट सिम्युलेटर सुरू करून व्हीएआयडी हा कोड टाकला, की विमान इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर येऊन उभं राहतं. धावपट्टी बिनचूक असते. लांबी पावणेतीन किलोमीटर, एका टोकाला ०७, दुसऱ्या टोकाला २५, समुद्रसपाटीपासून उंची साधारण साडेअठराशे फूट. ही माहिती जगभरच्या वैमानिकांसाठी प्रसिद्ध होतच असते, सिम्युलेटरही तीच उचलतो. बिघडतं ते मान वळवल्यावर. टर्मिनलच्या जागी एक करडा ठोकळा दिसतो, पेरूत आणि पोलंडमध्येही तोच सापडेल असा. बिजासनची टेकडी जागेवर आहे, पण वरचं देऊळ नाही. आसपासच्या घरांना उतरती लाल छपरं आहेत आणि घरांसमोर हिरव्यागार हिरवळीचे तुकडे आहेत. तेही मे महिन्यात.

हा ठोकळा काढून तिथे ओळखू येईल असा विमानतळ उभा करणं, हा या पुस्तकाचा विषय. सिम्युलेटरवर विमान उडवणाऱ्या हौशी मंडळींच्या, म्हणजे सिमर लोकांच्या, भाषेत याला सीनरी म्हणतात. ज्यांनी हे नावही ऐकलेलं नाही अशा वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला हा व्हिडिओ गेमचा एक कोपरा वाटतो, आणि आत शिरल्यावर तिथे नकाशाशास्त्र, वास्तुकला, छायाचित्रण, इतिहास आणि बरीचशी भांडणं सापडतात.

सीनरी ॲड-ऑन म्हणजे फायलींचा एक संच. ठरलेल्या फोल्डरमध्ये तो टाकला की सिम्युलेटरचा मूळ विमानतळ बाजूला सरतो आणि नवा दिसू लागतो. सर्वांत खाली जमिनीची उंची असते, तिला मेश म्हणतात. तिच्यावर जमिनीचं चित्र पसरलेलं असतं. त्यावर धावपट्टीचं डांबर, चाकं टेकतात त्या जागी रबराचे काळे ओरखडे, टॅक्सीवेच्या पिवळ्या रेघा, विमानं उभी राहतात तिथले तेलाचे डाग. मग इमारती येतात, ब्लेंडरसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाला त्रिकोण जोडून घडवलेल्या. शेवटी दिवे, आणि एरोब्रिज किंवा पुशबॅक ट्रॅक्टरसारख्या हलणाऱ्या गोष्टी. यातल्या प्रत्येक वस्तूची किंमत फ्रेम्समध्ये मोजायची असते. सेकंदाला तीस चित्रं सुरळीत आली तर विमान उडतंय असं वाटतं, पंधरावर घसरली की स्लाइड शो होतो. म्हणून दूरची इमारत मोजक्या त्रिकोणांत भागवायची आणि जवळ आल्यावर तिच्या जागी अधिक तपशिलाची आणायची, हे एलओडीचं तंत्र. सॉफ्टवेअर सहा महिन्यांत हाताखाली येतं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मदतपानावर लिहिलेलं नसतं.

सुरुवात साध्या रेघांनी झाली. ब्रूस आर्टविक या अमेरिकन इंजिनिअरच्या सबलॉजिक कंपनीने १९८०च्या सुमारास ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर विक्रीला आणला, तेव्हा जमीन म्हणजे रेघांच्या चौकटी होत्या. १९८२मध्ये मायक्रोसॉफ्टने आर्टविककडूनच आयबीएम पीसीसाठी आवृत्ती करून घेतली. तिच्यात अमेरिकेतले चार प्रदेश होते, आणि पुढे जवळजवळ दोन दशकं विमान सुरुवातीला उभं असायचं ते शिकागोच्या मेग्ज फील्डवर, मिशिगन सरोवराच्या काठच्या एका लहानशा धावपट्टीवर. जगभरच्या किती लोकांनी आयुष्यातलं पहिलं उड्डाण तिथून केलं असेल याची गणती नाही. ऐंशीच्या दशकातच सबलॉजिकने वेगळ्या सीनरी डिस्क विकायला सुरुवात केली, जपानची एक, पश्चिम युरोपची एक, अशा. म्हणजे विमान एकाकडून घ्यायचं आणि जमीन वेगळी विकत आणायची, हा व्यवहार या छंदाच्या बाळपणापासूनचा आहे.

१९९३च्या पाचव्या आवृत्तीत जमिनीला पहिल्यांदा छायाचित्राचा पोत आला. १९९९च्या फ्लाइट सिम्युलेटर २०००मध्ये विमानतळांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली आणि जगातल्या बहुतेक महत्त्वाच्या धावपट्ट्या आत आल्या. इथून पुढे प्रश्न बदलला. विमानतळ आहे की नाही हा वाद मिटला, आणि आहे तो खऱ्यासारखा दिसतो का, ही कुरकूर सुरू झाली. २००६च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सनंतर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००९मध्ये आपला एसेस स्टुडिओच बंद केला. धंद्याच्या हिशेबाने तिथे हा विषय संपायला हवा होता. झालं उलट. मूळ कंपनी निघून गेल्यावर दहा वर्षं लोक तोच सिम्युलेटर चालवत राहिले, कारण त्याच्यासाठी तयार झालेल्या हजारो विमानतळांवर त्यांचा जीव जडला होता. लॉकहीड मार्टिनने त्याच गाभ्यावर प्रेपार थ्रीडी काढला. ऑस्टिन मेयर यांचा एक्स-प्लेन समांतर वाढतच होता. आणि १९९७च्या आसपास स्वयंसेवकांनी सुरू केलेला, पूर्णपणे फुकट असा फ्लाइटगिअर आपल्या संथ चालीने पुढे सरकत होता.

या काळाची एक जखम सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हौशी लोकांनी तयार करून फुकट वाटलेली सीनरी ज्या भांडारांत जमा होत होती, त्यांत एव्हिसिम हे सर्वांत मोठ्यांपैकी एक. मे २००९मध्ये कुणीतरी त्याच्या सर्व्हरमध्ये घुसून ते पुसून टाकले. प्रती होत्या, पण त्या एका सर्व्हरच्या दुसऱ्यावर, आणि गेले ते दोन्ही सर्व्हर. भांडार पुन्हा उभं राहिलं, सभासदांनी आपापल्या हार्ड डिस्कवरून फायली परत पाठवल्या, तरी या कलेच्या इतिहासात त्या वर्षी एक भोक पडलं ते पडलंच. जुन्या सीनरीचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्या भोकाशी येऊन थांबावं लागतं.

आता घराण्यांकडे वळू. संगीतातल्यासारखी इथेही घराणी आहेत, आणि एकमेकांबद्दलची मतंही तितकीच तिखट.

एक घराणं पोताचं. जगाची जमीन काही ठरावीक प्रकारांत वाटायची, शेत, जंगल, वाळवंट, दाट वस्ती, विरळ वस्ती, आणि प्रत्येक प्रकाराचं चित्र फरशीसारखं सगळीकडे बसवायचं. वरची घरं आणि झाडं कॉम्प्युटर आपोआप पेरतो, त्याला ऑटोजेन म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या ऑर्ब्एक्सने या पद्धतीला कलेच्या पातळीवर नेलं. दुसरं घराणं छायाचित्राचं. त्यांचं म्हणणं असं की फरशा कशाला, उपग्रहाचा किंवा विमानातून घेतलेला खरा फोटोच जमिनीवर पसरा. एक्स-प्लेनसाठीचं ऑर्थोफोरएक्सपी हे फुकट साधन वापरून एका रात्रीत अख्खा माळवा कॉम्प्युटरवर उतरवता येतो. तीन हजार फुटांवरून तो इतका खरा दिसतो की मन हरखतं. तीनशे फुटांवर आलात की रस्त्यावर चपटे झालेले ट्रक आणि जमिनीत रुतलेली झाडं दिसतात. माझं मत विचाराल तर हे घराणं फार लवकर आपल्या टोकाला पोचलं. फोटो जितका स्पष्ट होत गेला तितका त्याचा सपाटपणा उघडा पडला.

तिसरं घराणं हस्तकौशल्याचं. एकच विमानतळ घ्यायचा आणि महिनोन्‌महिने त्यावर बसायचं. इंग्लंडमध्ये यूके टू थाउजंड, जर्मनीत एरोसॉफ्ट, आणि फ्लायटॅम्पा, फ्लाइटबीम अशा छोट्या-मोठ्या मंडळींनी यातूनच पेवेअरचा, म्हणजे विकत घ्यायच्या सीनरीचा, बाजार उभा केला. फ्लायटॅम्पाने केलेला हाँगकाँगचा काई ताक हा त्यातला मानबिंदू. तो विमानतळ जुलै १९९८मध्ये बंद झाला. डोंगरावर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या चौकटीकडे बघत, शेवटच्या क्षणी उजवीकडे वळून, इमारतींच्या गच्च्यांवरून उतरण्याची त्याची वाट आता फक्त सिम्युलेटरमध्ये शिल्लक आहे. मेग्ज फील्डचंही तेच. शिकागोच्या महापौरांनी ३० मार्च २००३च्या मध्यरात्रीनंतर बुलडोझर पाठवून ती धावपट्टी उखडली. पडद्यावर मात्र आजही कुणी ना कुणी तिच्यावर उतरत असतं.

हस्तकौशल्याच्या घराण्याला अलीकडे एक रोग जडला आहे, तोही नोंदवून ठेवतो. टर्मिनलच्या आतली कॉफीची दुकानं, खुर्च्यांच्या रांगा, प्रसाधनगृहांच्या पाट्या, सगळं अतिसूक्ष्म तपशिलात घडवायचं, आणि धावपट्टीचा चढ-उतार मात्र विसरायचा. वैमानिकाच्या खुर्चीतून कॉफीचं दुकान दिसत नाही. धावपट्टीचा फुगवटा दिसतो, आणि तो चुकला तर उतरण्याचा सगळा अंदाज चुकतो. फ्लाइट सिम्युलेटर एक्सपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या जगातल्या धावपट्ट्या सक्तीने सपाट होत्या, एक्स-प्लेनमध्ये त्या जमिनीचा उतार पाळत. या एका मुद्द्यावरून दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं भांडणं झाली.

चौथं घराणं सामूहिक कामाचं. एक्स-प्लेनच्या सीनरी गेटवेवर कुणीही आपल्या गावचा विमानतळ रचून पाठवू शकतो. तपासणी झाली की तो मूळ सिम्युलेटरमध्येच सामील होतो. चमक कमी, पण व्याप मोठा. आडगावच्या धावपट्ट्यांसाठी मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो.

आणि मग ऑगस्ट २०२० उजाडला. मायक्रोसॉफ्टने फ्रान्सच्या असोबो स्टुडिओकडून नवा सिम्युलेटर करून घेतला. बिंगचे नकाशे, सर्व्हरवर दोन पेटाबाइट माहिती, सदतीस हजार विमानतळ, आणि उपग्रहाच्या चित्रांवरून मशीनने ओळखून उभ्या केलेल्या दीड अब्ज इमारती. पहिल्या आठवड्यात लोक काय करत होते? आपापलं घर शोधत होते. ज्यांना विमानाचा पंख आणि शेपटी यांतला फरक सांगता आला नसता तेसुद्धा. मशीनच्या या जगाची मर्यादाही तितक्याच लवकर दिसली. ओपनस्ट्रीटमॅप या कुणीही भर घालू शकेल अशा नकाशावर कुणीतरी मेलबर्नच्या एका घराच्या मजल्यांचा आकडा दोनऐवजी दोनशे बारा टाकला होता. सिम्युलेटरने तो निमूटपणे मानला, आणि शहराच्या एका साध्यासुध्या उपनगरात आकाशाला टेकणारा सुळका उभा राहिला. लोक विमानं घेऊन तो बघायला गेले. विनोद म्हणून हे छानच. पण मेलबर्नमध्ये चूक हेरणारे हजारो डोळे होते. ज्या गावांकडे कुणी बघतच नाही, तिथल्या चुका तशाच राहतात.

त्या सिम्युलेटरच्या सर्वांत महाग आवृत्तीत हाताने घडवलेले चाळीस विमानतळ होते. आपल्या शेजारचे म्हणाल तर भूतानचा पारो होता, नेपाळचा लुक्ला होता. भारताचा एकही नव्हता. यात मला कुणाचा कट दिसत नाही. पारो आणि लुक्ला अवघड आणि नाट्यमय आहेत, म्हणून निवडले गेले. पण परिणाम असा की भारतीय विमानतळ हा मशीनच्या सरासरीवर सोडलेला विषय राहिला, आणि सरासरी काढताना आपली घरं, आपला पावसाळा, आपली माती हिशेबात नव्हती.

घरांपासून सुरुवात करू. आपल्या शहरांची छपरं उतरती नसतात, गच्च्या असतात. गच्चीवर काळी टाकी, तिच्याशेजारी वाळत घातलेले कपडे, आणि कोपऱ्यांत वरच्या मजल्याच्या आशेवर उघड्या सोडलेल्या सळया. हजार फुटांवरून सळया दिसत नाहीत, टाक्या दिसतात. काळे ठिपके गच्चीगच्चीवर नसतील तर शहर भारतीय वाटतच नाही. भारतीय शहरांसाठी वेगळं ऑटोजेन करायचं तर पहिला मान या टाकीचा आहे.

मग ऋतू. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सिम्युलेटरमध्ये जमिनीच्या पोतासाठी पाच खाती होती: वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा आणि कडक हिवाळा. हिवाळ्याला दोन खाती, पावसाळ्याला एकही नाही. छायाचित्राच्या घराण्याची अडचण आणखी निराळी. उपग्रहाला निरभ्र आकाश लागतं, आणि आपल्याकडे ते मिळतं हिवाळ्यात नि उन्हाळ्यात. त्यामुळे पडद्यावरचा माळवा बारमाही तपकिरी. जुलै ते सप्टेंबर इंदूरभोवती क्षितिजापर्यंत सोयाबीन पसरलेलं असतं, काळ्या मातीवर असा हिरवा रंग चढतो की धावपट्टी त्यात बुडालेली वाटते. हे दृश्य कुठल्याही तयार सिम्युलेटरमध्ये नाही. कोकणाचं तर विचारूच नका. चिपीच्या धावपट्टीभोवतालचा जांभ्याच्या सड्याचा भाग मे आणि ऑगस्टमध्ये दोन वेगवेगळ्या ग्रहांवरचा वाटतो.

जमिनीच्या उंचीची गोष्टही अशीच. बहुतेक सिम्युलेटरांची मेश बरीच वर्षं एकाच मोहिमेवर अवलंबून होती: फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने अकरा दिवस रडारने पृथ्वीची उंची मोजली. अमेरिकेसाठी तीस मीटरच्या चौकोनाला एक उंची मिळाली, बाकी जगासाठी २०१४पर्यंत खुली होती ती नव्वद मीटरची. नव्वद मीटरमध्ये बिजासनसारखी लहान टेकडी अर्धीमुर्धी विरघळते. मंगळूरसारखी डोंगर कापून केलेली टेबलटॉप धावपट्टी असेल, तर कडा गोलाई घेते आणि तिची भीतीच निघून जाते. भीती निघून गेलेला मंगळूर म्हणजे मंगळूर नव्हे.

सीनरीतला खरेपणा किती कामाचा असतो, याचं मुंबईचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. जुहूची धावपट्टी सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला, जवळपास त्याच दिशेने आहे. १९५३मध्ये बीओएसीचं कॉमेट आणि १९७२मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८, ही दोन मोठी विमानं सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरली. अपघाताचा अहवाल वाचून हे डोक्याला कळतं. पण जुहू आणि सांताक्रूझ दोन्ही नीट घडवलेली सीनरी लावा, पहाटेचा धुरकट उजेड ठेवा आणि समुद्रावरून या. समोर पहिली दिसते ती चुकीची धावपट्टी. अनुभवी वैमानिक कसे फसले असतील ते तेव्हा डोळ्यांना कळतं. ज्या सीनरीत जुहू हा नुसता करडा पट्टा आहे, तिथे हा धडा मिळत नाही.

भारतात हे काम मागे पडण्याची कारणं काही कौशल्याच्या अभावाची नाहीत. जगभरच्या स्टुडिओंसाठी त्रिमितीय मॉडेल घडवणारी मुलं आपल्याच शहरांत बसलेली आहेत. एक कारण बाजाराचं: वीस डॉलरचा विमानतळ इथे फार थोडे घेतात आणि चोरून उतरवणारे पुष्कळ. दुसरं कारण परवानगीचं. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. विमानतळांवरच्या छायाचित्रणावर १९३७च्या विमान नियमांपासून निर्बंध आहेत, आणि संरक्षण दलांच्या तळांवर ते कडक आहेत, असावेतही. या बाबतीत पुस्तकाची भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करतो. भारतीय विमानतळ प्राधिकरण जे नकाशे आणि मोजमापं वैमानिकांसाठी जाहीर करतं ती, आणि सर्वांना उपलब्ध असलेली उपग्रहचित्रं, एवढ्याच आधारावर काम करायचं. लष्करी बाजूच्या इमारती साध्या ठोकळ्यांनी दाखवायच्या. तिथे ठोकळा हेच योग्य उत्तर आहे.

फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने भूस्थानिक माहितीचे नियम सैल केले आणि भारतीयांना नकाशे तयार करण्यासाठी आधी परवानगी मागण्याची गरज बहुतांशी उरली नाही. त्याच सुमारास देशातले विमानतळ भराभर बदलू लागले होते. उडान योजनेतलं पहिलं विमान एप्रिल २०१७मध्ये सिमल्याहून उडालं. सरकारी आकड्यांनुसार २०१४मध्ये ७४ चालू विमानतळ होते, दहा वर्षांत ते दीडशेच्या पुढे गेले. शिर्डी २०१७चं, चिपी २०२१चं, गोव्याचं मोपा जानेवारी २०२३पासून चालू, आणि नवी मुंबईहून डिसेंबर २०२५मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. इंदूरचं आजचं टर्मिनल २०१२चं, तिथून दुबईला पहिलं आंतरराष्ट्रीय विमान गेलं ते जुलै २०१९मध्ये. इतक्या वेगाने बदलणाऱ्या ठिकाणांची नोंद ठेवतंय कोण? जुन्या टर्मिनलचे आराखडे कुठल्यातरी कार्यालयात असतील. पण संध्याकाळच्या उजेडात ते उतरणाऱ्या वैमानिकाला कसं दिसायचं, हे सीनरीखेरीज कुठेही जपलेलं नाही.

उपयोगाचं म्हणाल तर घरच्या सिम्युलेटरचे तास लायसन्ससाठी मोजले जात नाहीत, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पण इंदूरच्या मध्य प्रदेश फ्लाइंग क्लबमध्ये, गोंदियाला, बारामतीला किंवा धुळ्याला शिकणाऱ्या मुलाला पहिल्या एकट्या उड्डाणाआधी आपल्या धावपट्टीची वाट, वळणाच्या खुणा, डावीकडचं तळं नि उजवीकडची टाकी घरी बसून डोळ्याखालून घालता आली, तर खऱ्या विमानात त्याचं अर्धं डोकं मोकळं राहतं. यासाठी गुळगुळीत टर्मिनल लागत नाही. तळं आणि टाकी आपापल्या जागी लागतात.

हे पुस्तक इंदूरच्या परदेशीपुऱ्यात का लिहिलं गेलं, असं पुण्यातल्या एका मित्राने विचारलं. उत्तर भूगोलाचं आहे. धावपट्टी २५वर उतरणारं विमान पूर्व-ईशान्येकडून शहरावरून येतं, आणि टेकण्याच्या जागेपासून साधारण सहा किलोमीटर अलीकडे त्याची वाट परदेशीपुऱ्याजवळून जाते. तेव्हा ते जमिनीपासून हजारेक फुटांवर असतं, चाकं खाली सोडलेली. म्हणजे इंदूरच्या सीनरीत आमचा मोहल्ला हा विमानतळाच्या आवारापेक्षाही आधी आणि अधिक वेळ दिसणारा भाग आहे. इथे गिरण्यांचा टापू होता. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१मध्ये बंद पडली, कामगारांचं देणं मिळायला बत्तीस वर्षं लागली, आणि मधल्या काळात त्या बंद आवारात झाडी माजून दाट शहरात एक हिरवा चौकोन तयार झाला. शेजारच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये सॉफ्टवेअरची कार्यालयं आली. वरून बघणाऱ्याला हे सगळं एका नजरेत येतं: मिलची मोठी मोकळी जागा, तिला खेटून कामगारांच्या चाळींच्या अरुंद ओळी, मग कॉम्प्लेक्सची चौकोनी छपरं. मशीनने यातली प्रत्येक इमारत वेगळी ओळखली, पण सगळ्यांना एकच भिंत आणि एकच खिडकी दिली. सीनरी विमानतळाच्या कुंपणाशी संपत नाही, हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा आग्रह आहे. उतरण्याच्या वाटेवरचे शेवटचे दहा किलोमीटर हा विमानतळाचाच भाग समजून काम करायचं.

विमानतळाची जागाही अशीच वरून पाहून ठरली होती. होळकर संस्थानाने १९३५मध्ये विमानतळ बांधायचं ठरवलं तेव्हा टाटांकडे विचारणा केली. टाटांनी नेव्हिल व्हिन्सेंट यांना विमानाने पाठवलं. १९३२च्या ऑक्टोबरात जेआरडी टाटा कराचीहून जुहूला पहिली टपाल घेऊन आले, तीच पुढे मद्रासला नेणारे हे व्हिन्सेंट. त्यांनी बिजासनची जागा सुचवली आणि तीच मान्य झाली. संस्थान गेलं, टर्मिनलं बदलली, धावपट्टी लांबली, जागा तीच राहिली. १९४८च्या उन्हाळ्यानंतर इथून मुंबई-दिल्लीची नियमित विमानं सुरू झाली, त्या काळचं इंदूर एखाद्या तरुण वाचकाने सीनरीत उभं करावं अशी माझी फार इच्छा आहे. साधनं या पुस्तकात आहेत. जुने फोटो जुन्या इंदुरी घरांच्या कपाटांत आहेत.

पुस्तकाचा आवाका सांगून थांबतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच विमानतळ, व्हीएआयडी, हाताशी धरला आहे, आणि तो दोन सिम्युलेटरांत शेजारी शेजारी उभा केला आहे, म्हणजे एकाचं तंत्र दुसऱ्यात कुठे अडतं ते दिसावं. बटणांची वर्णनं जाणूनबुजून कमी ठेवली. सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली की ती पानं रद्दीत जातात. त्याऐवजी जोर आहे तो पाहणीवर: जाहीर नकाशा कसा वाचायचा, पंचेचाळीस मीटर रुंद धावपट्टीच्या उंबरठ्यावर बाराच पट्टे का असतात, उपग्रहचित्रातल्या सावलीवरून इमारतीची उंची कशी काढायची, मावळतीला काचेची भिंत कुठल्या बाजूने चमकते, पावसाळ्याचं चित्र महिन्यांच्या हिशेबाने कसं बसवायचं. जे शब्द आपण बोलताना वापरतो तेच ठेवले आहेत. मेशला मेश आणि टेक्स्चरला टेक्स्चर म्हटलं आहे, धावपट्टीला धावपट्टी. टर्मिनलच्या आतलं काम पूर्णपणे वगळलं आहे, त्याबद्दलची माझी चीड वर आलीच आहे. रात्रीच्या दिव्यांवरचा भाग मात्र मनाजोगता झालेला नाही. आपल्या शहरांचा पिवळा सोडियम दिवा जाऊन पांढरा एलईडी आला, तो गल्लीगल्लीत वेगवेगळ्या वर्षी, आणि या गुंत्याला एकच रंग लावणारी तयार साधनं कामाची नाहीत. तूर्त रस्त्यागणिक हाताने रंग भरण्याची पद्धत दिली आहे. कष्टाची आहे, पण दुसरी सापडली नाही.

ज्यांना लगेच काम सुरू करायचं आहे त्यांनी इतिहासाचा भाग सोडून थेट पाहणीवर जावं आणि पहिला विमानतळ लहान घ्यावा. जळगाव घ्या, नांदेड घ्या, गोंदियाचं बिर्सी घ्या. मुंबईला पहिल्याच फटक्यात हात घालणारे बहुतेक जण दुसऱ्या टर्मिनलच्या खांबांपाशी दमतात.

परदेशीपुरा, इंदूर